कोरड्या घळीतला लोंढा

८ एप्रिल
अकोल्याहून जीपने दुपारी पोचले. करवंदांच्या जाळ्या लगडल्यात! गावातल्या पोरापोरींना निसर्गवाटाडे म्हणून तयार करायचं, हे माझं काम. आमच्या संस्थेचे प्रमुख आदिनाथ सर शेवटी त्यांची परीक्षा घ्यायला येतील. मुक्ताबाईंकडे उतरलेय. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं. दोनदा मागून घेतलं.

११ एप्रिल
वर्ग झकास चाललाय. पाहुण्यांना कुठे न्यायचं, कुठे अडवायचं, गिरवून घेते. ओंकार लाजतो, सहादेव बोलायला लागला की थांबत नाही. आज घळीच्या तोंडाशी सगळ्यांना डोळे मिटून पक्ष्यांचे आवाज ओळखायला लावले. एक मुलगी भराभर नावं सांगत होती. डोळे उघडले, तर त्या बाजूला कोणीच नव्हतं. ओंकार खाली बघत म्हणाला, की ती रेश्माताई. मुक्ताबाईंची लेक, गावातली पहिली वाटाडी. मागच्या पावसाळ्यात घळीतून वाहून गेली.

१२ एप्रिल
मुक्ताबाईंना विचारलं. चुलीपुढून न हलता त्यांनी सांगितलं. वर डोंगरावर पाऊस कोसळत होता, रेश्मा नको म्हणत होती, तरी आदिनाथ सरांनी पाहुण्यांसाठी तिला घळीत उतरवलं. लोंढा आला तसे सगळे दोराने वर चढले. ती खाली असतानाच सरांनी दोर ओढून घेतला. पोलिसांना सांगितलं, आपल्या मनाने गेली.
"पानी वसरलं, बाई. माझी रेश्मा न्हाई वसरली."

१५ एप्रिल
सर आले. घळीत जाऊ नका म्हटलं, तर हसले. परीक्षेसाठी पोरांना घेऊन भर दुपारी उतरलो. खडक तापलेले, पाण्याचा टिपूस नाही. वळणावर एक मुलगी उभी होती, निथळत. तिने फक्त सरांना हात केला. ते मुकाट तिच्यामागे गेले. मग पाण्याचा घोंघावता आवाज, सरांची किंकाळी — धावलो. सर कोरड्या दगडांवर पडलेले. नाकातोंडातून गढूळ पाणी वाहत होतं.
पोरांपैकी कोणीही रडलं नाही.

१६ एप्रिल
ऑफिसातून फोन. संस्थेचं नाव खराब होता कामा नये. ओंकारने चुकीची वाट दाखवली, असं सांगा. हवालदार समोरच बसलेले. मी — सांगितलं. ओंकारला जीपमधून नेलं. तो वळून वळून माझ्याकडे बघत होता.
मुक्ताबाईंनी ताट वाढलं, रोजच्यासारखंच.
"तिला समदं आयकू जातं, बाई."

१७ एप्रिल
सकाळी उशी भिजलेली. केसांत वाळू.
सहादेवला म्हटलं, जीप बघ. म्हणाला, तुम्हाला इथून कोणी न्यायचं नाही.
फोन लागत नाही.

१८ एप्रिल
बाहेर कडक ऊन. उंबऱ्याखालून पाणी येतंय — गढूळ, गार.
हाका मारल्या. मुक्ताबाई खिडकीतून दिसतायत. अंगणात बसून तांदूळ निवडतायत. अंगण कोरडं.
खाटेवर चढले. पाणी खाटेला —
रेश्मा, ऐक, मी जबाब बदलते, आत्ता लिहून देते — ओंकारने काही केलं नाही, सर स्वतः — मी खोटं —
दार उघडलं. ती हात करतेय. पाय आपोआप —
मुक्ताबाई, तिला सांगा ना, मी फक्त सांगितलं तेवढं बोल