शेवटची टोपी

एनिड विहीणबाईंना,

आपला नातू डॅरिल इंग्लंडकडून फुटबॉलचा पहिला सामना खेळला, तेव्हा मानाची म्हणून मिळालेली गोंड्याची मखमली टोपी त्यानं तुम्हाला दिली. त्याचे चिखलाचे बूट धुतले मी, आणि टोपी आईच्या आईला! तुम्ही ती काचेच्या कपाटात मांडून सगळ्या गल्लीला चहाला बोलावलंत. तुमचा केक माझ्या घशाखाली उतरेना. तसा तो कोरडाच होता म्हणा.

गेल्या महिन्यात तो देशासाठी शेवटचं खेळला, त्याचीही तशीच टोपी मिळाली. आज दारात हजर.

"आजे, ही शेवटची टोपी तुझी."

मी लगेच डोक्यावर चढवली.

"अगं, ती घालायची नसते!"

"मग काय, तिच्यात अंडी ठेवू?"

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. टोपी घालून स्वतःच चहाला येते. गोंडा खिडकीतूनच दिसेल तुम्हाला.

तुमची विहीण,
मेव्हिस