माझ्या पायाची फिल्म

४ जून
सोलापूरच्या कॉलेजातली सिद्धेश्वरी मॅडम आली. मंद्रूपातल्या शुगरवाल्या बायकांचा अभ्यास करतीया. आमचीच फिल्म करणार म्हणं. गोष्ट आमची, फोटो आमचे, बोलायचंबी आमीच. तीन मिनिटं. मी म्हणलं, तीन मिनिटं तर माझ्या नवऱ्यालाच पुरायची न्हाईत. आजपासनं गोड बंद.

५ जून
बायकांना गोल बसवलं. एकेकीनं आपल्या शुगरची गोष्ट सांगायची. नुसती रडारड. डोकं उठलं. माझी पाळी आल्यावर ठणकावून सांगितलं. मेंढरांची साथ हटली म्हणून मायाक्का देवीला बोललेला वर्षभर अनवाणी राहायचा नवस फेडतीया. तापल्या डांबरावर चालते. काटा रुतला तरी कळत न्हाय, असा पाय तयार झालाय. शुगरनं माझं काय वाकडं केलं? मॅडम वाकून माझे पायच बघाय लागली. बाकीच्यांचे बघितले नव्हते.
घरी येऊन गुळाचा चहा घेतला. गूळ म्हंजे साखर न्हाय.

९ जून
फोटो काढायला फोन दिलाय. समदे पायाचेच काढले. खडीवर, सडकंवर, बाभळीच्या काट्यांवर. सून उत्कर्षा म्हणाली, आत्या, अंगठ्यातनं रगत येतंय की. मी म्हणलं, तव्यावर बघ, भाकरी करपायलीय. लागलं असतं तर दुखलं नसतं व्हय? तरी हळद दाबली. फोटोत बरी दिसती.

१२ जून
आवाज भरायचा होता. मॅडमचं भलतंच. म्हणं मावशी, शुगरनं पाय बधिर होतो, आदी दवाखान्यात चला, फिल्म मागनं बघू. वर चपला घेऊन आलेली! देवीच्या कामात हिची लुडबूड कशाला? मी म्हणलं, पोरी, तुझ्यापरीस माझ्या टाचंचं कातडं जुनं हाय. बसली मग फोन धरून. एका दमात बोलले.

२० जून
फिल्म झाली. लई झ्याक. मॅडमनं दोनदा विचारलं, कुणाला दाखवू? नको म्हणालात तर पुसून टाकते. नाव तर घालणारच न्हाय म्हणली, तसा नियम हाय. मी म्हणलं, लपवायला मी काय चोरी केली? दवाखान्यांत आदी दाखव. डॉक्टर लोकांना कळू दे.
अंगठा काळा पडलाय. उन्हानं. उत्कर्षा म्हणती वास येतोय. तिला माझ्या घोंगड्याचाबी येतो.

२६ जून
ताप. पोरानं उचलून गाडीत घातलं. सोलापूरला नेतोय. उत्कर्षाला बजावलं, परवा येते, तवर फोनवर पडून राहू नको.

१ जुलै
अंगठा काढला. डॉक्टर म्हणतो, पाऊल ऱ्हायलं हेच लई झालं.
वॉर्डातल्या टीव्हीवर फिल्म लागती. माझीच. शेजारच्या खाटेवर अक्कलकोटची रत्नम्मा हाय, तिच्याबी पायाला पट्टी. बघून म्हणाली, अय्यो, कोन गं ही बया? काय ही मस्ती! घरात कोन दोन थोबाडीत द्यायला नव्हतं काय? उत्कर्षा तोंड उघडणार, तेवढ्यात तिला चिमटा काढला. मी रत्नम्माकडं बघून मान हलवली. खरं हाय म्हणून.
आवाज वळखील म्हणून तवापासनं एक शब्द बोलले न्हाय. गोळ्या बोटानं मागते. भेटायला येईल त्याला रत्नम्मा सांगती, हळू बोला, ही बिचारी जन्माची मुकी हाय.