माझ्या जनावरावरचा चिखल

१२ जून
बायको फिलोमिनाचा खोकला: कमी. जीभ: पूर्ववत. माझा गुडघा: बरा. कुत्रा: मजेत. खाडीमागच्या खडकात जीवाश्म होऊन उमटलेलं माझं जनावर, फर्नच्या पानासारखं: ठणठणीत. शेजारचा सिरिल: तोही ठणठणीत, दुर्दैवानं.
सिरिलचा खडक साडेछप्पन्न कोटी वर्षांचा निघाल्यापासून त्याची मान खाली येत नाही. माझं जनावर त्याहून जुनं आहे. बघताक्षणी कळतं. सोमवारी सेंट जॉन्स शहरातून भूशास्त्रज्ञ डॉ. मॅव्हिस वय काढायला येणार.

१५ जून
आली. बूट काढून मोज्यांवर खडकावर चढली. ठसे झिजू नयेत म्हणूनची रीत पाळली, मान्य. पण जनावराकडे एकदाच पाहिलं. म्हणाली, "गोड आहे हो, लिअँडरकाका." मग त्याच्या अर्ध्या अंगावरचा करडा चिखल बोटांत चोळत बसली. अर्धा तास! जाताना बजावलं, "याला हात लावू नका, शुक्रवारी पिशव्या आणते." नंतर चहाला सिरिलकडे. नोंद घेतली.

१६ जून
डाव ओळखला. सिरिलचा खडक चकचकीत, माझं जनावर चिखलात. म्हणजे नंबर कुणाचा लागणार? फिलोमिना म्हणाली, "अरे, फोन करून विचार ना तिला." विचारलं की सावध होईल.

१७ जून, पहाटे
मोजे घालून, मासे कापायच्या बोथट सुरीनं आणि ब्रशनं साफ केलं. जनावर पुरं दीड हात! तीन बादल्या चिखल निघाला. वाया घालवला नाही. बटाट्याच्या वाफ्यात घातला, वर दरसालसारखे खताचे केपलिन मासे, आणि सगळं कुदळीनं खालीवर.

१९ जून
मॅव्हिस खडकाकडे बघतच राहिली. वाटलं, भारावली. मग मटकन बसली. "काका, तो चिखल नव्हता हो. ज्वालामुखीची राख होती. तिच्याखालीच हे गाडलं गेलं. वय राखेतल्या कणांवरून काढतात. बाकीची समुद्रानं नेली, एवढीच उरली होती."
फिलोमिनानं वाफा दाखवला. मॅव्हिसनं नाक दाबलं. म्हणाली, यात आता जगभरची माती मिसळली, काही सांगता येणार नाही. कुंपणावरून सिरिल, "लिअँडर, बटाटे तरी माझ्या खडकापेक्षा जुने निघू देत!"
चूक तिचीच. आधी सांगायचं.

२१ सप्टेंबर
पत्राचा मसुदा:
मॅव्हिस, तू बरी असशील. सोबत दहा किलो बटाटे. फिलोमिना धूत होती, मी अडवलं. सालींवर एखादा कण सापडतो का बघ. वरचा थर गेल्यापासून लाटांनी जनावराची नक्षी पुसट होत चाललीय. पायाकडचा भाग आता मलाच दिसतो. वय राहू दे, फोटो काढायला तरी ये. काल सिरिलनं आपणहून त्यावर ताडपत्री घातली, दगड लावून घट्ट. वर मला म्हणाला, "सर्दी व्हायची बिचाऱ्याला." यात त्याचा काय डाव असेल? कळलं तर लवकर लिही.