आपल्या घरातून धूर निघतो आहे

फ्रेशेदो, ११ नोव्हेंबर

प्रिय आर्मिंदो दादा,

ल्योंमध्ये तू मजेत असशील आणि सोलांज वहिनींचा गुडघा आता वळत असेल असं धरून चालतो. उत्तर द्यायचं रोज ठरवलं आणि रोज टाळलं. कधी चेस्टनट वेचायचे असत, कधी पलीकडच्या पेर्पेतुआ मावशीची गाय व्यायली. पाडा झाला, कपाळावर पांढरा ठिपका, आणि काय ओरडतो! ते असो.

गावाच्या वळूच्या गोठ्याचं छप्पर खाली बसलं, हे तुला कळलंच असेल. युरोपियन युनियनच्या सामाईक निधीतून नवा गोठा आणि शेजारी गुरांचा दवाखाना मिळतो आहे. पैसा सगळ्या देशांनी मिळून घातलेला, म्हणून अट अशी की सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून काम करायचं. ओढ्याच्या अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे स्पेन, पण गाव एकच आणि वळूही एकच, हे निधीच्या साहेबाला समजावता समजावता आमचा घसा बसला. नवीन सहकार्य कोणतं सुरू करणार, असं त्यानं विचारलं. मावशी म्हणाली, "अहो, आमचे आजे या वळूपायी एकमेकांशी भांडत मेले. याहून जास्त सहकार्य कुठून आणू?"

साहेब हसला नाही. आधी दोन वेगळी गावं आहात असं दाखवा, मग एकत्र येतो म्हणा, म्हणाला. म्हणून एक राहण्यासाठी आम्ही कागदावर पहिल्यांदा दोन झालो. माझं हसू थांबेना. सभा चालवणाऱ्या जेर्मानो काकांनी मला बाहेर काढलं.

बाहेर उभं राहून ऐकलं ते असं: दोन्ही बाजूंना नांदती घरं सारखी हवीत. आपल्या बाजूला एक कमी. नाही भरलं तर पैसा परत. गावाचा नियम तुला ठाऊकच आहे, ज्याच्या धुराड्यातून धूर, ते घर.

तर आता लिहूनच टाकतो. मी आपल्या बंद घराचं कुलूप उघडलं. चूल पेटवली. घर विकत घ्यायला निघालेला तुझा हॉटेलवाला बघायला आला होता. किल्ली ओढ्यात पडली असं त्याला सांगितलं. ती माझ्या खिशात आहे. तरी त्यानं घराखालच्या गोठ्याचं दार ढकललं आणि वळू समोर पाहून थेट गाडीत जाऊन बसला. हो, नवा गोठा होईतो वळू पाळीपाळीनं घरोघर राहतो, आणि आपली पाळी मी घेतली. तुला न विचारता. विचारणारही नव्हतो.

रागावशील. रागाव. द्राक्षं तोडत, काचघरांत टोमॅटो खुडत मी इतकी वर्षं फिरलो, तेव्हा तू म्हणायचास, कुठेतरी टिकून दाखव. टिकलो, तर तेच घर विकायला काढलंस.

काका मला म्हणाले, "भटक्या, धूर तुझा असेल, घर बापाचं आहे. नांदत्या घरांच्या यादीवर सही तुझ्या बापाची, नाहीतर आर्मिंदोची." तुझी मी मागणार नाही. आणि बाबांना आता काही कळत नाही, असं तू गावभर लिहून ठेवलंस. उद्या सभा आहे. मी सही करणार. खोडली तर तिच्या खाली पुन्हा करीन.

इथवर लिहिलं आणि पाववाल्याची गाडी दारात थांबली. आज त्याचा वार नव्हे. बाबा उतरले. ब्रागांसाच्या वृद्धाश्रमातल्या सपाता पायात, अंगात तुझा जुना कोट. पाववाला तिथेही पाव देतो, धुराचं आणि सभेचं तोच बोलला असणार. त्यांनी आधी वर धुराड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

म्हणाले, "म्हटलं बघून यावं, कोण राहतंय माझ्या घरात." आणि मग, "सभा उद्याच ना, दुआर्ते?"

ते चुलीपाशी बसलेत. त्यांना काही कळत नाही, असं यापुढे कोणाला लिहू नकोस. त्यांना न्यायला यायचं तर ये, पण दार मी उघडणार नाही, ते उघडतील.

तुझा धाकटा, आणि या घरचा,
दुआर्ते