डोळे मिटून निवडलेला गज

तीर्थरूप बाबांच्या चरणी धाकटीचा नमस्कार.

व्हायोलिनच्या गजाविषयी तुम्हाला पुन्हा काही लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. माझा मागचा सल्ला किती महागात पडला, हे ताईच्या पत्रातून समजले.

माझी प्रकृती उत्तम आहे. खोलीत सकाळचे ऊन येते आणि जेवणही वेळेवर होते.

काल मी शिकवते त्या शाळेतील मुलांसाठी स्वस्तातले गज निवडायला गेले होते. सवयीप्रमाणे माहितीपत्रक वाचू लागले, तर म्हातारे दुकानदार म्हणाले, "बाई, गज काय कागदावर वाजवणार आहात? मिटा डोळे!" त्यांनी हाती दिलेल्या तीन गजांपैकी मला आवडला तो कार्बन फायबरचा निघाला. हवा बदलली तरी तो वाकत नाही.

तुमच्या क्लाससाठी गज घेताना तुम्हीही कार्बन फायबरच्या गजाविषयी एवढेच म्हणाला होतात, "अगं, एकदा हातात धरून तर बघू." मी मात्र पुस्तक पुढे करून म्हणाले, की लाकडाला पर्याय नाही. शाळेत पहिली येणारी मुलगी सांगते, म्हणून तुम्ही ऐकलेत. ते लाकडी गज एका उन्हाळ्यात वाकले आणि तुमच्या क्लासातली मुले एकेक करून गेली. तुम्ही मला शब्दानेही बोलला नाहीत.

आता किती मुले उरली आहेत? ताईला विचारले, तर ती हवापाण्याविषयी लिहिते.

सोबत एक गज पाठवते आहे. तो कसा आहे, हे मी सांगणार नाही. डोळे मिटून वाजवा आणि तुम्हीच ठरवा.

तुमची आज्ञाधारक होऊ न शकलेली,
धाकटी

टपालात दिले: मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.