मुक्कामाची जागा बघणारा

१२ ऑक्टोबर १९७२

हार्बिंजर! उद्याच्या धड्यात हा शब्द आहे. मुलांना ‘पुढच्या गोष्टीची चाहूल देणारा’ एवढं सांगितलं की भागतं. पण कॉलेजच्या जाडजूड शब्दकोशात आज मूळ अर्थ सापडला — फौज पोचायच्या आधी पुढे जाऊन तिच्या मुक्कामाची जागा बघणारा माणूस. म्हणजे आमचे देवाजीमामाच की!

दर दसऱ्याला मौद्याकडच्या आमच्या गावाहून चाळीसेक माणसं दीक्षाभूमीला येतात. मामा तीन दिवस आधी हजर, खांद्यावर तांदळाचं पोतं. ‘तुमच्याकडे किती उतरतील?’ असं घरोघर विचारायचं आणि दाराशेजारी खडूने आकडा लिहायचा. आई होती तोवर आमच्या इंदोरा वस्तीतल्या दाराशी बारा असायचा.

यंदा आई नाही, ते घरही नाही. मी रामदासपेठेत, भाड्याच्या खोलीत; मामांना पत्ता कळवला आहे.

१३ ऑक्टोबर

शब्द शिकवला. मामांचं उदाहरण जिभेवर आलं होतं, गिळलं. भित्री!

१४ ऑक्टोबर, शनिवार

मामा आज यायला हवेत. कॉलेज सुटल्यावर धावत खोलीवर आले. फाटक वाजलं की उठून खिडकीशी जाते.

एकट्या बाईला ही खोली मिळायला चार महिने लागले. घरमालक गोपाळरावांनी आडनाव विचारलं, मी बोरकर सांगितलं. बोरकर सगळ्याच जातींत असतात. मालकांनी सोयीचा अर्थ घेतला, मी घेऊ दिला. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत आहे, साड्यांखाली. आणि मामा तर फाटकातूनच ‘जय भीम’ म्हणणार — खणखणीत!

१५ ऑक्टोबर

नाही आले. सुटले, असं वाटलं. मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

१६ ऑक्टोबर

उद्या दसरा. अजून पत्ता नाही. आजारी तर नसतील?

आले तर काय सांगायचं ते पाठ करून ठेवलं आहे — मालकांकडे पाहुणे आहेत. पाच वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. गोपाळराव म्हणाले, ‘कोणाची वाट पाहून राहिल्या, मॅडम?’

‘पोस्टमनची.’

१७ ऑक्टोबर

राहवेना. दीक्षाभूमीवर गेले, गर्दीत गाव शोधत फिरले. सगळे जवळच्या एका शाळेच्या व्हरांड्यात उतरलेले! मामा भात वाढत होते.

‘मी शनिवारीच आलो वं, सुमती. दुपारी तुह्या फाटकापाशी गेलतो. मालकानं इचारलं, बाई तुमची कोण लागते? म्हणलं, कोणी नाही जी, पत्ता चुकलो.’

‘काहून मामा?’

‘त्याचं तोंड पाहूनच समजलं. जेव आता, किती वाळली!’

मी पानावर बसले. मामा वाढतच राहिले.

१८ ऑक्टोबर

सकाळी गोपाळरावांना सांगितलं — शनिवारी आले होते ते माझे सख्खे मामा, दीक्षाभूमीसाठी आलेले.

रविवारपर्यंत खोली रिकामी करायची आहे.