काळी साळ पुण्याला गेली

१० फेब्रुवारी २००३

पुण्याचं पत्र आलं! माझ्या नावाचं! पोस्टमननं अंगणातूनच हाक मारली — "गोजरबाई, सरकारी हाय का काय बघा." सरकारी कसलं. पुण्यात जुन्या बियाण्यांचं प्रदर्शन आहे, शनिवार-रविवार, तुमची काळी साळ घेऊन या, असं लिहिलंय. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण सगळं पत्र मीच वाचलं. नात आरोही मागं लागली होती, तिला हात लावू दिला नाही. ही वही मात्र तिचीच. मागची पानं कोरी राहिली होती, ती माझी.

आता भात बघायलासुद्धा पुणेकरांना प्रदर्शन लागतं! मग रोज खातात ते काय डोळे मिटून?

काळी साळ अख्ख्या घाटघरात दोनच खाचरांत. एक माझं. माझ्या आईनं लग्नात पदराला बांधून दिलेलं बी आहे ते. दुसरं ठकूबाईचं. तिनं सात वर्षांमागं माझ्या खळ्यावरून मूठभर लोंब्या उचलल्या. चोरटी! तेव्हापासून बोलणं बंद. बांधाला बांध आहे, पण मी त्या बाजूला तोंड करून थुंकतसुद्धा नाही.

औंदा रानडुकरांनी खाचर लोळवलं. बी निघालं दोनच पायल्या. शीला म्हणाली, "आत्याबाई, निम्मं घरी ठेवा." सून चांगली आहे, पण भित्री. म्हटलं, "पावण्यांला निम्मी नवरी दाखवत्यात व्हय गं?"

१३ फेब्रुवारी

गाठोडं बांधलं. भाकरी बांधल्या. लेक हौशीराम म्हणतो, मी येतो सोबतीला. म्हटलं, बाळंतपणाला चाललेय का मी?

१४ फेब्रुवारी

भोसरीत आहे. पुतण्याच्या घरी, रामदासकडं.

सकाळच्या एसटीनं जुन्नर, तिथून पुण्याची गाडी. नारायणगावपर्यंत बसायला जागा नाही. गाठोडं मांडीवरच ठेवलं, शेजारची बाई म्हणाली, "आजी, वर ठेवा की फळीवर." वर ठेवायला ते काय बटाटं आहे? कळंबला एक माणूस चढला, तो भोसरीपर्यंत फोनवर एकच बोलत होता — "आता कळंबला हाय, आता पेठला हाय, आता खेडला हाय." गाव गेलं की सांगायचं. अरे, पोचलास की कळेलच ना त्यांना!

रामदासचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली माणसं, वर माणसं, मधे हा. घुशीच्या बिळासारखं. वरून दोन पोरी गाडीवर चाललेल्या दिसल्या, तोंडाला फडकं गच्च बांधलेलं, नुसते डोळे. मी म्हटलं, "रामदास, हितं मध काढायला जात्यात का रं पोरी?" हसला. ऊन लागतं म्हणे! आणि सगळ्यांच्या हातात आज एकेक गुलाब, तोही प्लास्टिकमधे. सण आहे म्हणतात काहीतरी. एका फुलाचा सण! आमच्याकडं पडक्या पिराला याहून जास्त वाहतो.

मजा येतीय पण! खोटं कशाला सांगू.

१५ फेब्रुवारी

आज लई लिहायचंय.

रामदासला कामावर जायचं होतं. त्यानं शहराच्या बसमधे बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, आजीला प्रदर्शनाच्या मैदानाजवळ उतरवा. मागनं चढायचं आणि पुढनं उतरायचं, असला कायदा. कंडक्टर सारखा ओरडतो — "पुढं चला, पुढं चला!" किती पुढं? आणखी पुढं गेले असते तर ड्रायव्हरच्या मांडीवर बसले असते. तसं म्हणालेच मी. सगळी बस हसली. तोही हसला आणि माझा थांबा विसरला!

एक थांबा पुढं उतरले. आता मैदान कुठं? पहिला म्हणतो, "सरळ जा, सिग्नलवरून लेफ्ट." दुसरा म्हणतो, "चालत दहा मिनिटं." मिनिटं! अरे, कुणाची मिनिटं? तुझी का माझी? आमच्याकडं कुणी विचारलं तर सांगतो — त्या उंबरापर्यंत जा, उजव्या हाताला ओढा लागंल, ओढ्याच्या वरच्या अंगाला घर. डोंगरातला गडी चुकत नाही. ह्यांच्यात एक झाड सांगण्याजोगं नाही. रिक्षावाल्याला विचारलं, त्यानं नुसती मान हलवली आणि निघून गेला. मोकळी रिक्षा! कुठं जायचं होतं त्याला, मोकळ्यानं?

रस्ता ओलांडायचा तर गाड्या थांबेनात. मी गाठोडं छातीशी धरून उभी. हात जोडले, कुणी बघेना. मग बघते तर आठ-दहा म्हशी आल्या. कुठल्या गोठ्याच्या असतील त्या असोत, पण म्हशीच! त्या उतरल्या रस्त्यात, आणि सगळ्या मोटारी गप उभ्या! मी शेवटच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्याबरोबर ऐटीत पलीकडं. माणसाला थांबत नाहीत, म्हशीला थांबतात. बरोबर आहे, ओळख लागत असेल.

मैदानात एका बाईनं माझ्या गळ्यात पाटी अडकवली. नाव, गाव. बैलाच्या गळ्यात निदान घुंगरू तरी असतं. ह्या पाटीवालीनंच पत्र धाडलं होतं. बोलायला गोड. टेबल दिलं, पांढरी चादर, त्यावर माझी काळी साळ. आणि काय सांगू! लोकं वाकून वाकून बघतायत. एक जण म्हणाला, "हे जळलंय का?" दुसरीनं विचारलं, "तीळ आहेत का हे?" देवा! ह्यांना पेन्शनी मिळतात!

मग एकीनं विचारलं, "आजी, थोडं मिळेल का?"

आता बी मागितलं तर नाही म्हणू नये. आमच्यात तशी रीत आहे. घेणाऱ्यानं मूठभर न्यावं, पेरावं, सुगीला दुप्पट आणून द्यावं. म्हणजे बी चार घरी राहतं, एकाचं बुडालं तर दुसऱ्याकडं सापडतं. मी ओंजळ भरून दिलं आणि सांगितलं, "सुगीला दुप्पट बरं का." ती म्हणाली, "हो हो आजी!" तिचं बघून दुसरी आली, मग रांगच लागली. सगळे "हो हो." इतकी माणसं माझ्यापुढं हात पसरून कधी उभी नव्हती. ठकूबाईनं बघायला पाहिजे होतं! बी असं मागून न्यायचं असतं बाई, चोरून नाही.

१६ फेब्रुवारी

गाठोडं रिकामं! दुपारपर्यंत सगळं वाटलं. मोजलं नाही, पण पन्नासेक घरं तरी असतील. येत्या सुगीला पुणेकर घाटघरला येतील, दुप्पट घेऊन. खळ्यावर बसायला जागा पुरणार नाही. शीलाला म्हणेन, आता बोल.

(संध्याकाळी)

पाटीवाली म्हणाली, "आजी, घर वाटेतच आहे, चहा घेऊन जा." तिच्या मोटारीतून नेलं. घर कसलं, आरसाच. पायातली वहाण कुठं काढावी कळेना. मधोमध काचेचं टेबल. त्यावर काचेचा वाडगा. वाडग्यात माझी काळी साळ, आणि तिच्यात खोचलेली मेणबत्ती.

"किती सुंदर दिसतंय ना?" म्हणाली.

मी विचारलं, "पेरणार कधी?"

"कुठे पेरू आजी? चौथा मजला आमचा!"

मग मी विचारलं, बाकीच्यांनी नेलं ते? ती म्हणाली, "असंच ठेवतील हो सगळे. आठवण म्हणून."

चहा प्याले. चांगला होता.

१८ फेब्रुवारी

घरी आले. सगळ्यांना म्हशीची गोष्ट सांगितली. पोट धरून हसले. बियाचं कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही.

९ मार्च

पुणेकर म्हणजे भाताचं मेणबत्तीदान करणारी जात.

२२ एप्रिल

राब भाजला. शेण, पालापाचोळा पसरून वाफ्याची जमीन भाजून काढली. हौशीरामनं वाफे आखले, म्हणाला, "आये, ह्या कोपऱ्यात काळी साळ टाकू, नेहमीसारखी." मी म्हटलं, टाक. घरात आले आणि कणगीमागं जाऊन बसले. तिथं शीलानं गाठलं.

"आत्याबाई, बी कुठंय?"

सांगितलं सगळं. वाडगा, मेणबत्ती, चौथा मजला. मला वाटलं आता बोलणार, निम्मं ठेवा म्हणत होते की नाही मी! बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ठकूआत्याकडं हाय की."

म्हटलं, "जीभ हासडीन. चोरटीच्या दारात मी पदर पसरू?"

"तुमच्या आईचं बी हाय ते. तिच्या खाचरात असलं तरी."

भाजलेल्या राबाचा वास आला तसं आईच आठवत राहिली. लग्नात रडत नव्हती, बियाची गाठ आवळत होती. माझ्या जन्मात ते बी बुडालं तर वर जाऊन काय सांगू? मेणबत्ती लावली म्हणू?

२९ एप्रिल

तिच्या बांधापर्यंत गेले. परत आले. तिची कोंबडी माझ्याकडं बघत होती.

४ मे

गेले शेवटी. अंगणात उभी राहून पदर पसरला. ठकूबाई सूप घेऊन बसली होती, उठून आत गेली. वाटलं, दार लावणार. चोर ती आणि लाज मला! ती पेंढ्यात बांधलेलं भलंमोठं गाठोडं घेऊन बाहेर आली.

"तुझंच हाय," म्हणाली. "दर साली दुप्पट करून बांधून ठेवते. जुनं पेरते, नवं बांधते. तुला द्यायला बांधावर आणते, तू तोंड वळवलंस की परत नेऊन ठेवते."

मी म्हटलं, "चोरलंस कशाला मग?"

"दोनदा मागायला आले व्हते गं, गोजरे. दोन्ही बारीला म्हनलीस, बी संपलं. कणगी माझ्या डोळ्यापुढं भरलेली."

मला आठवलं. म्हणाले होते.

गाठोडं उचलवेना, दोघींनी धरून आणलं. त्याआधी तिनं चहा दिला. दूध अगदीच नावाला होतं. बोलले नाही.